काळ, अर्थ आणि आघात : इटालियन क्रियापदविचाराची प्रस्तावना

इटालियन भाषेचे कोणतेही व्याकरण उघडले, तरी त्यातील सर्वाधिक पाने क्रियापदाने व्यापलेली दिसतात, आणि याचे कारण त्या भाषेच्या इतिहासातच आहे. लॅटिनमधील नामाच्या विभक्ती इटालियनने सोडून दिल्या, नपुंसकलिंग जवळजवळ टाकले, परंतु क्रियापदाची रूपसंपत्ती मात्र तिने जपली आणि काही ठिकाणी नव्याने वाढवली. 'बोलणे' या अर्थाचे पार्लारे हे अगदी नियमित क्रियापद घेतले, तरी त्याला सात साधे काळ आहेत आणि प्रत्येक काळात तीन पुरुष व दोन वचने मिळून सहा रूपे होतात, म्हणजे एकंदर ४२ रूपे. यांतील प्रत्येक साध्या काळाला सहायक क्रियापदाच्या साह्याने घडलेला एक संयुक्त काळ जोडीला असल्यामुळे ही संख्या ८४ होते. आज्ञार्थाची आणि धातुसाधितांची रूपे याहून वेगळी. हा सारा विस्तार ज्या मांडणीत बसवला जातो, तिची दोन अंगे आहेत : 'काळ' म्हणजे क्रिया केव्हा घडली याचा निर्देश, आणि 'अर्थ', ज्याला इटालियन व्याकरणात 'मोदो' म्हणतात, म्हणजे बोलणारा त्या क्रियेकडे घडलेली गोष्ट, इच्छा, अट, आज्ञा वा केवळ मत यांपैकी कोणत्या दृष्टीने पाहतो याचा निर्देश.

परंपरेने इटालियनमध्ये सात अर्थ मानतात. इंदिकातीवो हा मराठी व्याकरणातील स्वार्थाच्या जागी येतो, कोंजुंतीवो हा कल्पना, इच्छा व मत यांच्याशी बांधलेला आहे, कोंदित्सिओनाले हा संकेतार्थाचा शेजारी आहे, तर इंपेरातीवो म्हणजे आज्ञार्थ. उरलेले तीन, म्हणजे इन्फिनीतो, पार्तिचीपिओ आणि जेरूंदिओ, ही पुरुषाचा बोध न करणारी धातुसाधिते आहेत. मराठी व्याकरणात ज्यांना कृदन्ते म्हणतात, त्यांच्याच जातीची ही रूपे असल्याने त्यांविषयी मराठी वाचकाला फार सांगावे लागत नाही. खरी चर्चा पहिल्या चार अर्थांची, आणि त्यातही पहिल्या तिघांची आहे.

महाराष्ट्रात इटालियन शिकणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजी माध्यमातील पुस्तकांच्या वाटेने तिच्याकडे जातो, आणि ही वाट त्याला उगाच लांबची पडते. इंग्रजी क्रियापदाला पुरुषाचे प्रत्यय जवळपास उरलेले नाहीत, कर्ता उच्चारल्यावाचून तिचे वाक्य उभे राहत नाही, आणि अर्थाचा भेद ती मुख्यतः वेगळ्या शब्दांनी दाखवते. त्यामुळे त्या भाषेतून पाहणाऱ्याला इटालियन कोष्टक म्हणजे पाठांतराचा डोंगर वाटतो. याउलट मराठीत 'जातो', 'जातोस', 'जातात' एवढे म्हटले की कर्ता कळतो, आणि इटालियनमध्येही पार्लो म्हटले की 'मी' म्हणण्याची गरज राहत नाही. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीत अर्थ व काळ यांचा विचार होत आला आहे, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात अशी नावे देऊन क्रियापदाचे रूप आणि त्या रूपाचा वाक्यातील उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची जी शिस्त घालून दिली, ती इटालियन क्रियापद समजून घेण्यासाठी अत्यंत उपयुक्त आहे. एकच रूप अनेक कामे करते आणि एकच काम अनेक रूपांनी होते, हे ज्याला आपल्या भाषेत ठाऊक आहे, त्याला दुसऱ्या भाषेत ते पाहून गोंधळायला होत नाही.

या प्रवासाची उलट दिशाही इतिहासात सापडते. रोम येथे जेझुइट संघात दीक्षा घेऊन १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणी भाषेचे व्याकरण रचले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या त्या ग्रंथात कोकणीची क्रियापदे लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवून दाखवलेली आहेत. लॅटिनपासून निघालेल्या भाषेची क्रियापदे मराठी व्याकरणाच्या परिभाषेत मांडण्याचा प्रयत्न हा त्याच देवघेवीचा दुसरा भाग मानता येईल.

लिपीचा प्रश्नही येथे मराठीच्या बाजूने सुटतो. इटालियन त आणि द हे मराठीप्रमाणेच दंत्य आहेत, द्वित्त व्यंजनांचा उच्चार मराठी कानाला सहज कळतो, आणि मराठी ज्या दोन 'च' ध्वनींचा, म्हणजे 'चमचा'तील आणि 'चित्रा'तील 'च'चा, भेद करते, ते दोन्ही ध्वनी इटालियनमध्ये वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. द्वित्ताचे महत्त्व किती, हे एका जोडीवरून दिसते : पार्लेरेमो म्हणजे 'आम्ही बोलू', आणि पार्लेरेम्मो म्हणजे 'आम्ही बोललो असतो' किंवा 'बोलू शकू' या छटेचे संकेतार्थी रूप. एका 'म'च्या द्वित्ताने काळ आणि अर्थ दोन्ही बदलतात.

देवनागरी जिथे अपुरी पडते, ती जागा म्हणजे आघात. मराठीत शब्दातील एखाद्या अक्षरावर दिलेल्या जोराने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, इटालियनमध्ये मात्र क्रियापदाचे जवळजवळ सर्व व्यवहार आघातावर चालतात. पार्लो या रूपात जोर पहिल्या अक्षरावर असला तर 'मी बोलतो' असा अर्थ होतो. तोच जोर शेवटच्या अक्षरावर गेला आणि रूप पार्लॉ झाले, की 'तो बोलला' असा. वर्तमानकाळात एकवचनी तिन्ही रूपांत आणि तृतीय पुरुषी अनेकवचनात आघात धातूवर राहतो, तर 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या रूपांत तो प्रत्ययाकडे सरकतो, आणि हे सरकणे समजले म्हणजे ज्यांना पुस्तके अनियमित म्हणून वेगळी काढतात अशी कितीतरी क्रियापदे आपोआप रांगेत येतात. लॅटिनमधून टस्कनीच्या बोलीत येताना ऱ्हस्व ए आणि ओ हे स्वर उघड्या अक्षरात आघाताखाली फुटून ये आणि वो झाले, पण आघात नसेल तेथे तसेच राहिले. म्हणूनच 'बसणे' या अर्थाच्या सेदेरेचे 'मी'चे रूप स्येदो आणि 'आम्ही'चे रूप सेद्यामो, तसेच 'मरणे' या अर्थाच्या मोरीरेचे म्वोयो आणि मोर्यामो. 'बाहेर जाणे' या अर्थाच्या उशीरेचे एस्को आणि उश्यामो हेही आघाताच्या अशाच हालचालीचे फळ आहे. कालांतराने काही क्रियापदांत एकच स्वर सर्वत्र पसरला आणि हा भेद पुसला गेला. पण जी क्रियापदे रोजच्या बोलण्यात सतत येतात, त्यांनी तो टिकवून धरला.

आरे, एरे आणि ईरे या अंत्यांवरून क्रियापदांचे जे तीन गण पाडले जातात, त्यांतही आघाताचा धागा दिसतो. लॅटिनमध्ये गण चार होते. त्यांतील दुसरा आणि तिसरा इटालियनमध्ये एकत्र आले, तरी 'भिणे' या अर्थाच्या तेमेरेत जोर मधल्या अक्षरावर आणि 'घेणे' या अर्थाच्या प्रेंदेरेत तो पहिल्यावर, एवढी जुनी खूण शिल्लक आहे. तिसऱ्या गणातील बहुसंख्य क्रियापदे वर्तमानकाळात धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये 'इस्क' हा आगम घेतात, जसे फिनीरे म्हणजे 'संपवणे' याचे फिनीस्को, फिनीशी, फिनीशे. पण फिन्यामो आणि फिनीते या रूपांत तो आगम नसतो, कारण तेथे आघात मुळातच प्रत्ययावर आहे. लॅटिनमध्ये क्रियेचा आरंभ दाखवणारा हा प्रत्यय इटालियनमध्ये अर्थाने रिकामा झाला आणि केवळ आघाताला टेकू देण्यासाठी उरला. 'जाणे' या अर्थाच्या आंदारेची गोष्ट याहून वेगळी आहे : वादो, वाइ, वा, वान्नो ही रूपे एका धातूची आणि आंद्यामो, आंदाते ही दुसऱ्याच धातूची आहेत. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण 'जातो' आणि 'गेला' ही रूपे अनुक्रमे संस्कृत 'या' आणि 'गम्' या दोन धातूंपासून आलेली असून तो ती एकाच क्रियापदाची म्हणून वापरतो.

आघाताचा सर्वांत ठळक परिणाम पास्सातो रेमोतो या भूतकाळात दिसतो, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त धसका घेतात तोही याच काळाचा. 'लिहिणे' म्हणजे स्क्रीवेरे याची या काळातील रूपे स्क्रीस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रीस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रीस्सेरो अशी आहेत. यांतील पहिले, तिसरे आणि सहावे रूप लॅटिनच्या पूर्णभूतातील धातूवर आघात असलेल्या रूपांवर उभे आहे, म्हणून तेथे धातूचे अंग बदललेले आहे. उरलेल्या तिन्हींत आघात प्रत्ययावर असल्यामुळे अंग नेहमीचेच राहिले. एस्सेरे, दारे, स्तारे अशी थोडी क्रियापदे सोडली, तर दुसऱ्या गणातील बहुतेक सर्व 'अनियमित' क्रियापदे हाच साचा पाळतात, त्यामुळे प्रथम पुरुषी एकवचनाचे एक रूप लक्षात ठेवले की बाकीची पाच हाताशी येतात. सहा रूपे सुटी सुटी पाठ करायला लावणारी पद्धत विद्यार्थ्यावर विनाकारण ओझे लादते.

भूतकाळांच्या अर्थाचा विचार करताना मराठीचे साहाय्य आणखी जवळून मिळते. इंपेर्फेत्तो हा काळ क्रिया चालू असल्याचे किंवा वारंवार घडत असल्याचे सांगतो. म्हणजे 'मी वाचत होतो' हा अपूर्ण भूतकाळ आणि 'ती रोज देवळात जाई' हा रीतिभूतकाळ, ही मराठीतील दोन दालने इटालियनमध्ये एकाच रूपात सामावतात. आपल्या लोककथांप्रमाणे इटालियन परीकथाही कोणी एक राजा होता, हे सांगताना इंपेर्फेत्तो वापरतात, कारण ती पार्श्वभूमी असते, आणि राजा शिकारीला निघाला की कथेची सूत्रे पास्सातो रेमोतोकडे जातात. पूर्ण झालेल्या क्रियेसाठी याखेरीज पास्सातो प्रॉस्सिमो हा संयुक्त भूतकाळ आहे. या दोहोंतील भेद पंधराव्या शतकातच नोंदला गेला : लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४४० च्या सुमारास टस्कन भाषेचे जे छोटेखानी व्याकरण लिहिले, ज्याची १५०८ सालची प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, त्यात काल ओस्तियाला असल्याचे एका रूपाने आणि आज तिवोलीला असल्याचे दुसऱ्या रूपाने सांगावे, असे त्याने दाखवले. घटना किती जुनी यापेक्षा ती बोलणाऱ्याच्या वर्तमानाशी जोडलेली आहे की तुटलेली, यावर टस्कनीत आजही हा भेद बऱ्याच अंशी पाळला जातो. उत्तर इटलीच्या बोलण्यात मात्र पास्सातो रेमोतो जवळपास ऐकू येत नाही आणि सर्व काम संयुक्त काळ करतो. सिसिलीत याच्या उलट, अगदी अलीकडच्या घटनेलाही पास्सातो रेमोतो चालतो. लेखनात मात्र कादंबरी, इतिहास आणि बालकथा यांचा तो मुख्य काळ आहे, त्यामुळे मिलानला जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो शिकावा लागतो. बोलण्यासाठी त्याला त्याची गरज पडणार नाही, पण पुस्तक उघडताच पडेल.

संयुक्त काळांचा गाभा म्हणजे सहायक क्रियापदाची निवड, आणि येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबून आपल्याच भाषेतील प्रयोगांचा विचार करावा. 'ती गेली' या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, 'तिने चिठ्ठी लिहिली' यात कर्माप्रमाणे. इटालियनमध्ये 'ती गेली' याला ए आंदाता म्हणतात, म्हणजे 'असणे' या अर्थाचे एस्सेरे आणि कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालणारे धातुसाधित. 'तिने लिहिले' याला आ स्क्रीत्तो म्हणतात, म्हणजे 'जवळ असणे' या अर्थाचे आवेरे आणि कर्त्याशी न जुळणारे धातुसाधित. चिठ्ठीचा उल्लेख सर्वनामाने करून 'तिने ती लिहिली' असे म्हणायचे झाले, की रूप ला स्क्रीत्ता होते आणि धातुसाधित कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी बनते. हे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही भाषांनी आपला नवा भूतकाळ एकाच मुळाच्या कर्मणी धातुसाधितावर उभारला. संस्कृतचा 'त' प्रत्यय, ज्याच्या पोटी 'गत'पासून मराठीचे 'गेला' झाले, आणि लॅटिनचा तुस हे सख्खे बंधू आहेत, आणि 'स्थित'चा आप्त असलेला स्तातो इटालियनमध्ये आजही एस्सेरेचे धातुसाधित म्हणून वावरतो. 'माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे' अशा अर्थाच्या लॅटिन रचनेतून 'मी चिठ्ठी लिहिली' हा अर्थ निघाला, आणि कर्माशी जुळणाऱ्या धातुसाधिताची सवय सर्वनामांपुरती का होईना शिल्लक राहिली.

तथापि या साम्यावर फार भार टाकता येत नाही. मराठीत अकर्मक क्रियापद असले की 'ती झोपली', 'ती शिंकली' असा कर्तरी प्रयोग होतो. इटालियनमध्ये मात्र सर्व अकर्मक क्रियापदे एस्सेरे घेत नाहीत. येणे, जाणे, जन्मणे, मरणे, होणे अशी, ज्यांत कर्त्याचे स्थान वा स्थिती बदलते, ती एस्सेरेकडे जातात, तर झोपणे, शिंकणे, चालणे ही आवेरेकडे. धावणे या एकाच क्रियापदाला दोन्ही चालतात : तासभर धावलो म्हणायचे तर आवेरे, घराकडे धावलो म्हणायचे तर एस्सेरे, कारण दुसऱ्या वाक्यात धावण्याला मुक्काम आहे. पाऊस पडल्याचे सांगताना इटालियन माणूसही दोन्ही सहायके वापरतो आणि दोन्ही शुद्ध मानली जातात. उलट 'मला आवडते' या रचनेत मराठी माणसाला काहीच शिकावे लागत नाही, कारण मी प्याचे या इटालियन वाक्यातही आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी आणि आवडणारा माणूस चतुर्थीत असतो.

भविष्यकाळ आणि कोंदित्सिओनाले यांचा जन्म एकाच कल्पनेतून झाला. लॅटिनचा जुना भविष्यकाळ नष्ट झाल्यावर 'मला गायचे आहे' या धर्तीवर मूळ रूपाला 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे जोडली गेली. कांतारे हाबेओ यापासून कांतेरॉ झाले, आणि त्याच्या शेवटी 'मजजवळ आहे' या अर्थाचे ऑ आजही ओळखू येते. वर्तमानाऐवजी त्याच क्रियापदाचा पूर्णभूत जोडला, तेव्हा कोंदित्सिओनाले घडला; पार्लेरेब्बे या रूपाच्या शेवटी पास्सातो रेमोतोतील एब्बे अक्षरशः उभा आहे. लॅटिनला हा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून सुरुवातीच्या व्याकरणकारांना त्याला कुठे बसवावे हा प्रश्न पडला, आणि दीर्घकाळ तो इतर अर्थांच्या पोटात घातला जात असे.

वापराच्या पातळीवर मराठी आणि इटालियन येथे थक्क करण्याइतक्या जवळ येतात. 'आठ वाजले असतील', 'तो निघाला असेल' या वाक्यांत मराठी भविष्याचे रूप अंदाजासाठी वापरते. इटालियनमध्ये सारान्नो ले ऑत्तो आणि सारा पार्तीतो यांत तेच घडते. दुकानात 'मला अमुक हवे होते' असे भूतकाळात म्हणून मराठी माणूस जी नम्रता साधतो, ती इटालियन माणूस वोलेवो या इंपेर्फेत्तोने किंवा वोर्रेइ या कोंदित्सिओनालेने साधतो. वर्तमानपत्री मराठीत 'असल्याचे समजते' ही जी जबाबदारी झटकणारी पुस्ती असते, तिचे काम इटालियन वार्ताहर केवळ कोंदित्सिओनालेचे रूप योजून करतो. परंतु एका ठिकाणी दोन्ही भाषांच्या वाटा फुटतात आणि तेथे मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो. 'त्याने सांगितले की तो येईल' या वाक्यात मराठी मूळ बोलण्यातला काळ तसाच ठेवते. इटालियनमध्ये सांगणे भूतकाळात गेले की येणेही सारेब्बे वेनूतो असे संयुक्त कोंदित्सिओनालेत जाते. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये येथे साधा संकेतार्थ पुरतो, इटालियनला संयुक्तच लागतो, त्यामुळे त्या भाषा जाणणाराही येथे चुकतो.

कोंजुंतीवो हा या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत गैरसमज झालेला भाग आहे. तो संशयाचा अर्थ आहे, असे सरसकट शिकवले जाते, आणि हे अपुरे आहे. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' या वाक्याला वोल्यो के वेंगा म्हणतात. येथे मराठी विध्यर्थ आणि इटालियन कोंजुंतीवो बरोबर एकमेकांवर बसतात. 'तो आजारी असावा असे वाटते' याला क्रेदो के सीआ मालातो म्हणतात, आणि येथेही 'असावा' व सीआ जुळतात. फरक एवढाच की मराठीत 'तो आजारी आहे असे वाटते' असेही निःसंकोच म्हणता येते, तर लिखित इटालियनमध्ये 'वाटणे' हे क्रियापद आले की पुढचे रूप कोंजुंतीवोत जाणे अपेक्षित असते. पण 'तू आजारी आहेस याचे मला वाईट वाटते' या वाक्यात आजार ही निश्चित गोष्ट आहे, शंकेला जागाच नाही, तरीही इटालियनमध्ये सीआ येते. म्हणजे येथे प्रश्न खरेखोटेपणाचा नाही. बोलणारा ती गोष्ट बातमी म्हणून सांगत नाही, ती आपल्या भावनेचा विषय म्हणून पुढे ठेवतो, हा आहे. जे वाक्य स्वतःच्या बळावर विधान म्हणून उभे नाही, दुसऱ्या वाक्याच्या इच्छेत, मतात वा भावनेत गुंतलेले आहे, त्याची खूण म्हणजे कोंजुंतीवो, असे समजले तर 'जरी', 'आधी', 'यासाठी की' अशा अव्ययांनंतर तो का येतो, हेही उलगडते. 'बाग असेल असे घर शोधतो आहे' आणि 'बाग आहे ते घर शोधतो आहे' यांत मराठी 'असेल' आणि 'आहे' यांनी जो भेद करते, तो इटालियन आब्ब्या आणि आ यांनी करते. पहिले घर अजून मनात आहे, दुसऱ्याचा पत्ताही ठाऊक आहे.

अटीच्या वाक्यात मात्र मराठीची सवय दगा देते. 'पाऊस आला असता तर पीक आले असते' यात दोन्ही अंगांना 'असता', 'असते' ही एकाच जातीची रूपे आहेत. इटालियनमध्ये अटीच्या अंगात कोंजुंतीवोचा भूतकाळ आणि फळाच्या अंगात कोंदित्सिओनाले असे दोन वेगळे अर्थ लागतात. 'वेळ असता तर आलो असतो' हे आत्ताविषयी असेल तर से आवेस्सी तेंपो, वेर्रेइ, आणि मागील प्रसंगाविषयी असेल तर से आवेस्सी आवूतो तेंपो, सारेइ वेनूतो. दोन्हीकडे कोंदित्सिओनाले घालण्याची चूक इटलीतील शाळकरी मुलेही करतात आणि तेथील शिक्षक ती अजिबात चालवून घेत नाहीत.

आज्ञार्थाकडे वळताना कोंजुंतीवोचा आणखी एक व्यवहार दिसतो, आणि तो मराठी कानाला फार परिचित आहे. आदरणीय व्यक्तीला मराठीत 'यावे, बसावे' असे विध्यर्थाने सांगितले जाते. इटालियनमध्ये तशाच प्रसंगी वेंगा, सी आक्कोमोदी असे कोंजुंतीवोने सांगतात. आदरार्थी संबोधन तेथे लेइ या तृतीय पुरुषी सर्वनामाने होते, म्हणून आज्ञार्थाच्या द्वितीय पुरुषी रूपांचा उपयोग होत नाही आणि कोंजुंतीवो ती जागा भरतो; रस्त्यावर कानी पडणारी स्कूझी, सेंता, दीका ही सारी त्याचीच रूपे आहेत. १९३८ मध्ये फासिस्ट राजवटीने लेइ परकीय आणि दुबळे ठरवून त्याऐवजी वोइ सक्तीचे केले, परंतु राजवट गेल्यावर लेइ परतले. दक्षिणेकडील बोलण्यात आदरार्थी वोइ मात्र आपल्या जुन्या परंपरेने टिकून आहे. जवळच्या माणसाला नकारार्थी सांगताना नोन पार्लारे असे मूळ रूपच वापरतात, जसे मराठीत 'बोलू नकोस'.

ही सारी रूपे कोणी ठरवली, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. इटालियन क्रियापदाचे पहिले छापील नियम १५१६ मध्ये फोर्तूनिओ याने आंकोना येथे प्रसिद्ध केले, आणि १५२५ मध्ये व्हेनिसमध्ये पिएत्रो बेंबो याच्या ग्रंथाने पद्यासाठी पेत्रार्का आणि गद्यासाठी बोक्काच्चो हे आदर्श ठरवून चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सची भाषा प्रमाण केली. त्यामुळे लिखित क्रियापद दोनशे वर्षे मागचे आणि बोलीतले क्रियापद पुढे गेलेले, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. इंपेर्फेत्तोतील प्रथम पुरुषी रूप हे याचे उत्तम उदाहरण आहे. लॅटिनमधून आलेले 'मी बोलत होतो'चे रूप पार्लावा होते, आणि 'तो बोलत होता'चेही तेच. फ्लोरेन्सच्या बोलण्यात वर्तमानकाळाच्या धर्तीवर पार्लावो हे वेगळे रूप रुळले, पण पंडितांनी ते अशुद्ध मानले. आलेस्सांद्रो मांझोनी याने १८२७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आपली 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी १८४० ते १८४२ या काळात सुशिक्षित फ्लोरेन्सच्या जिवंत बोलीनुसार पुन्हा लिहून काढली, तेव्हा त्याने जुनी 'आ'कारान्त रूपे टाकून ही 'ओ'कारान्त रूपे स्वीकारली. पुढे शाळांतून हा ग्रंथ वाचला गेला आणि आज दुसरे रूप कोणाला सुचतही नाही. एका लेखकाने एका प्रत्ययाविषयी केलेल्या निर्णयाचा एवढा परिणाम भाषांच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

१८६१ मध्ये देश एक झाला, तेव्हा लोकसंख्येपैकी जेमतेम २.५ टक्के लोकांना इटालियन येत असावे, असा तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. इतर अभ्यासकांनी हा आकडा अधिक धरला असला, तरी बहुसंख्य लोकांसाठी ही रूपे शाळेत शिकण्याचीच होती, याविषयी दुमत नाही. आज परिस्थिती उलटली आहे, आणि सर्वांच्या तोंडी गेलेली भाषा आपली कोष्टके स्वतःच हलकी करते आहे. फ्रांचेस्को साबातीनी यांनी १९८५ मध्ये सर्वसाधारण वापरातील इटालियनचे जे वर्णन केले, त्यात अटीच्या दोन्ही अंगांत इंपेर्फेत्तो वापरणारी वाक्ये सुशिक्षितांच्या बोलण्यातही रूढ असल्याचे नोंदले आहे. 'मला माहीत असते तर आलो असतो' यासाठी से लो सापेवो, वेनीवो एवढे म्हणणे घरात आणि मित्रांत पूर्ण चालते. मतदर्शक क्रियापदांनंतर कोंजुंतीवोऐवजी इंदिकातीवो वापरण्याची प्रवृत्तीही बोलण्यात दिसते, आणि तिच्यावरून इटलीत वेळोवेळी कोंजुंतीवोच्या मरणाची हाकाटी होते. ती हाकाटी अकाली आहे, कारण आदरार्थी आज्ञेत, इच्छेच्या वाक्यांत आणि सर्व प्रकारच्या लेखनात हा अर्थ भक्कम आहे. खरोखर मागे पडला आहे तो त्रापास्सातो रेमोतो, म्हणजे पास्सातो रेमोतोच्याही आधी नुकत्याच संपलेल्या क्रियेचा काळ. 'संपल्यावर', 'होताच' अशा अव्ययांच्या सोबतीने केवळ कथनात तो आढळतो, आणि तो ओळखता आला म्हणजे पुरे.

या सर्व विवेचनातून अभ्यासाचा जो क्रम निघतो, तो प्रचलित पुस्तकांहून थोडा वेगळा आहे. एस्सेरे आणि आवेरे यांची सर्व काळांतील रूपे प्रथम पक्की करावीत, कारण निम्मी कोष्टके त्यांच्यावरच उभी आहेत. त्यानंतर वर्तमानकाळ शिकताना प्रत्येक रूप मोठ्याने, योग्य अक्षरावर जोर देऊन म्हणावे, आणि शब्द वहीत उतरवताना आघाताचे अक्षर अधोरेखित करावे. छापील इटालियनमध्ये आघाताचे चिन्ह फक्त शेवटच्या अक्षरावर जोर असेल तरच दिलेले असते. इंपेर्फेत्तो आणि पास्सातो प्रॉस्सिमो हे जोडीनेच शिकावेत, कारण एकाचा उपयोग दुसऱ्याशिवाय समजत नाही. कोंजुंतीवो पुढे ढकलण्याची प्रथा मात्र सोडावी. 'यावे', 'असावे', 'करावे' ही रूपे ज्याच्या तोंडी दिवसभर असतात, त्या मराठी विद्यार्थ्याला वेंगा, सीआ आणि फाच्चा ही रूपे पहिल्या काही आठवड्यांतच देता येतात, आणि इटलीत कोणाही अनोळखी माणसाशी सभ्यपणे दोन वाक्ये बोलायची तर ती त्याला लागतातच.